कास्ट लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पोस्टग्रेस डेटाबेससाठी अनसाइन्ड इंटिजरचं, म्हणजे उणे न होणाऱ्या पूर्णांकांचं, एक्स्टेन्शन लिहायला घेतलंस, हे वाचून मनापासून आनंद झाला. टाइप झाले, बेरीज-वजाबाकी झाली, आता फक्त कास्ट, म्हणजे एका टाइपची किंमत दुसऱ्या टाइपमध्ये नेणारी रूपांतरं, राहिलेत, असं तू लिहिलंयस. त्या ‘फक्त’वर अडलो, म्हणून लगेच लिहायला बसलो. माझ्या मते सगळ्यात जोखमीचं काम तेच आहे.

मी पहिल्यांदा असं कास्ट लिहिलं, तेव्हा चार बाइटचा अनसाइन्ड आकडा सी भाषेत सरळ तेवढ्याच बाइटच्या साइन्ड, म्हणजे उणेही घेणाऱ्या, इंटिजरमध्ये टाकला. टेस्ट सगळ्या पास झाल्या, कारण त्यातले आकडे लहान होते. पुढे एका काउंटरने २,१४,७४,८३,६४७ ची हद्द ओलांडली आणि ३ अब्जाच्या जागी उणे १,२९,४९,६७,२९६ दिसायला लागलं. एरर नाही, वॉर्निंग नाही. बेरजा चुकतायत हे ध्यानात येईपर्यंत त्या बऱ्याच ठिकाणी पोचल्या होत्या. फार वाईट वाटलं होतं, कारण लोकांनी त्या आकड्यांवर विश्वास ठेवला होता. म्हणून सांगतो, आकडा मावत नसेल तर क्वेरी पडली तरी चालेल, ‘आउट ऑफ रेंज’चा एरर दे. खोटा आकडा मात्र पुढे जाऊ देऊ नकोस.

चार बाइटचा अनसाइन्ड बिगिंटमध्ये, म्हणजे आठ बाइटच्या साइन्ड इंटिजरमध्ये, निर्धास्त ने, तिथे ऐसपैस जागा आहे. आठ बाइटच्याची कमाल १८४४६७४४०७३७०९५५१६१५ आणि बिगिंटची ९२२३३७२०३६८५४७७५८०७, म्हणजे वरचा अर्धा भाग बाहेरच राहतो. त्याला मोठमोठे आकडे नेमके ठेवणाऱ्या न्यूमेरिक टाइपशिवाय सुरक्षित घर नाही. उलट दिशेचं कास्ट, न्यूमेरिककडून अनसाइन्डकडे, तेही विसरू नकोस. क्वेरीत एवढा मोठा आकडा अवतरणचिन्हांशिवाय लिहिला की पोस्टग्रेस त्याला न्यूमेरिकच धरतं. ते कास्ट नसेल तर तुझ्याच टाइपची कमाल किंमत तशी लिहिता येणार नाही.

डबल प्रिसिजन या दशांश आकड्यांच्या टाइपपाशी मात्र थांब. २ च्या ५३ व्या घातापर्यंत पूर्णांक नेमके राहतात. त्यापुढे ९००७१९९२५४७४०९९३ टाकलास तर बाहेर ९००७१९९२५४७४०९९२ येतो. परत येताना आणखी बारीक फट आहे. आठ बाइटच्या अनसाइन्डची कमाल किंमत डबलमध्ये नेली की ती गोल होऊन नेमकी २ चा ६४ वा घात होते. तू जर ‘कमालपेक्षा मोठा असेल तर एरर’ अशी अट घातलीस, तर २ चा ६४ वा घात स्वतः त्यातून निसटतो आणि त्याचं पुढे काय व्हावं हे सी ठरवूनच देत नाही. म्हणून अट ‘२ चा ६४ वा घात किंवा त्याहून मोठा’ अशी घाल. ‘नॅन’ची, म्हणजे ‘हा आकडाच नाही’ सांगणाऱ्या किमतीची, तपासणी वेगळी कर, तो असल्या तुलनांत सापडत नाही. आणि आधी गोल कर, मग हद्द तपास. पोस्टग्रेसचं स्वतःचं कास्ट २.७ चे ३ करतं, सी मात्र सरळ कापून २ देते. वापरणाऱ्याला पोस्टग्रेसचीच सवय असते.

सगळे कास्ट इम्प्लिसिट, म्हणजे न सांगता आपोआप होणारे, करायचा मोह होईल, मलाही झाला होता. पण वाटा जास्त झाल्या की क्वेरी वाचणाऱ्या पार्सरला कुठला ऑपरेटर घ्यायचा ते ठरवता येत नाही आणि साधी बेरीजसुद्धा अडते. पोस्टग्रेसने २००८ साली ८.३ मध्ये टेक्स्टकडे जाणारे कितीतरी इम्प्लिसिट कास्ट काढून टाकले. तेव्हा बऱ्याच जुन्या क्वेरी मोडल्या, तरी तो निर्णय मला योग्यच वाटतो. माहिती हरवत नाही तेवढेच इम्प्लिसिट ठेव. जिथे हद्द ओलांडू शकते तिथे असाइनमेंट कास्ट ठेव, ते कॉलममध्ये किंमत टाकतानाच आपोआप होतं, म्हणजे इन्सर्ट करताना हात अडणार नाही आणि तपासणीही होईल. डबलकडून येणाऱ्याला मी एक्स्प्लिसिटच, म्हणजे क्वेरीत लिहून मागितलं तरच होणारं, ठेवीन.

मिश्र तुलनाही एकदा बघ. सीमध्ये चार किंवा आठ बाइटचा साइन्ड उणे १ आणि तेवढ्याच बाइटचा अनसाइन्ड १ यांची तुलना केली, तर उणे १ मोठा ठरतो. त्यामुळे आधी चिन्ह तपास, मग किंमत.

कोड पाठव. डबलकडून आठ बाइटच्या अनसाइन्डकडे येणारं फंक्शन मी सगळ्यात आधी वाचीन. टेस्टमध्ये ०, उणे १, प्रत्येक टाइपची कमाल किंमत आणि तिच्यापुढचा आकडा एवढं तरी घालूनच पाठव.

तुझाच,
मित्र