चि. अमेय यास, गाडीखाली जाण्याआधी

सोलापूर, १५ जानेवारी

चि. अमेय यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास, त्याचा राग धरलेला नाही. तू घेतलेली जुनी मस्टँग पार्किंगमध्ये सावकाश वळवताना मागून कुरकुरते, थरथरते, आणि तिथल्या गॅरेजवाल्याने अख्खा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरांचा संच, बदलायला सांगितला, इथपर्यंत मी शांतपणे ऐकत होतो. ‘शनिवारी मीच जॅक लावून खाली शिरतो’ असे तू म्हणालास आणि पुढचे मला ऐकूच आले नाही. जे फोनवर नीट सांगता आले नाही ते लिहून काढतो आहे. सोनल फोटो काढून पाठवेल.

तू पाठवलेला आवाज मी सात-आठ वेळा ऐकला. गड्ड्याच्या यात्रेमुळे रस्त्यावर गलबला फार, म्हणून गच्चीवर जाऊन कानाला लावून ऐकला. क्राऊन-पिनियनचे, म्हणजे त्यातल्या मोठ्या आणि छोट्या मुख्य गिअरांचे, दात खराब झाले तर गाडी सरळ जातानाही किणकिणल्यासारखा बारीक सूर लागतो आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की तो बदलतो. बेअरिंग गेले असेल तर घरघर वेगाबरोबर वाढत जाते. तुझा आवाज फक्त वळणावर येतो आणि गाडी तापल्यावर जास्त येतो, म्हणून माझा संशय डिफरन्शियलच्या तेलावर आहे.

कारण असे, की तुझ्या २०१३च्या जीटीला मागे ८.८ इंची क्राऊनचा अखंड ॲक्सल आहे आणि त्यात ट्रॅक्शन-लॉक जातीचा लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरले तरी दुसऱ्यालाही जोर देणारा डिफरन्शियल, बसवलेला असतो. त्यात बाजूच्या गिअरांमागे क्लचसारख्या प्लेटांची चळत असते आणि मधली एस आकाराची स्प्रिंग ती दाबून धरते. वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते, तेव्हा या प्लेटांना एकमेकींवरून सरकावेच लागते. तेलात घर्षण कमी करणारे ॲडिटिव्ह असेल तर त्या मुकाट सरकतात. नसेल, किंवा आधीच्या मालकाने साधे गिअर ऑइल भरले असेल, तर त्या चिकटतात आणि सुटतात, पुन्हा चिकटतात आणि सुटतात, तीच ही थरथर. प्लेटा झिजून संपल्या असत्या तर वळणावर गाडी गप्प राहिली असती आणि बर्फावर एकच चाक फिरत बसले असते. त्यामुळे तेल बदलून पाहिल्याशिवाय नवीन डिफरन्शियलला एक डॉलरही देऊ नकोस.

आता माझे ऐक. गाडीखाली न जाता जे कळते ते आधी करून घे. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत का, ते पाहा. जुन्या गाडीवाले एकच टायर बदलून मोकळे होतात, मग दोन चाकांचा घेर जुळत नाही आणि प्लेटा सरळ रस्त्यावरसुद्धा घासत राहतात. गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालवून तापव आणि रिकाम्या मैदानात इंग्रजी आठच्या आकारात दोन्ही बाजूंना सावकाश फिरव. डावीकडे आणि उजवीकडे आवाज वेगळा येत असेल तर ते मला आधी कळव, मग चाकाचे बेअरिंगही पाहावे लागेल.

त्यानंतरच खाली जायचे. आणि अमेय, जॅकवर उभ्या गाडीखाली जायचे नाही. मागची चाके उचललीस की हँडब्रेकचा उपयोग शून्य, कारण तो त्याच चाकांना लागतो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून लावायचा ठोकळा, हवी. ॲक्सलखाली दोन घोड्या, म्हणजे गाडीचे वजन पेलणारे जॅक स्टँड, हव्यात, दोन्ही बाजूंना, खाली जाड फळी घालून, आणि जमिनीवर बर्फाचा पातळ थरसुद्धा असेल तर त्या दिवशी काम नाही. एकच चाक उचलून, गिअर टाकून ते फिरते का हे पाहण्याचा मोह तुला होईल. साध्या डिफरन्शियलची गाडी जागची हलत नाही, पण लिमिटेड स्लिपमध्ये जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी मारते. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, दोन्ही चाके वर, आणि एक चाक हाताने फिरवायचे. दुसरे त्याच दिशेला फिरले तर प्लेटांमध्ये पकड शिल्लक आहे, उलट दिशेला फिरले तर ती गेली आहे. एवढ्यावर निदान होते.

पुन्हा शिकवायला बसलो, माफ कर. तुला हे सगळे वाचून समजते, माहीत आहे मला. पण बाळूकाकांनाही सगळे माहीत होते, आणि त्यांनाही दहाच मिनिटांचे काम होते.

तेल काढताना आधी भरायचा बूच सैल होतो का ते बघ. तो अडकलेला असेल आणि जुने तेल सांडून बसलास तर गाडी तिथेच अडकेल. या ॲक्सलचे तेल मागचे झाकण उघडून निघते, त्याला दहा बोल्ट असतात. वरचे दोन नुसते सैल ठेव, बाकीचे काढ आणि खालून फट पाड. आत लोखंडाचा कीस धरायला चुंबक असतो, त्यावर राखाडी मऊ चिखल असेल तर ठीक, तुकडे किंवा चकत्या निघाल्या तर तिथेच थांब. नवे तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचेच घे, ॲडिटिव्ह विसरू नकोस, आणि नंतर तेच आठाचे फेरे दोन्ही बाजूंना आठ-दहा वेळा मार, म्हणजे ते प्लेटांच्या मधे शिरेल.

तू नऊ वर्षांचा असताना अक्कलकोट रोडच्या गॅरेजात माझ्याशेजारी बॅटरी धरून बसायचास. पिनियनचे दात कुठे टेकतात ते बघायला मी निळा रंग लावला होता. तू बोट घातलेस, आणि चार दिवस निळ्या बोटाने शाळेत गेलास. बाईंनी विचारले तर ‘क्राऊन बसवला’ म्हणून सांगितलेस. तेव्हा मी तुला ट्रकखाली येऊ दिले नव्हते. आज ओहायोत तू स्वतःच्या कमाईच्या गाडीचा ॲक्सल उघडतो आहेस, हे मी तीन जणांना सांगून झालो. आईला घोड्यांचे सांगितलेले नाही. तिने शेंगाचटणी बांधून ठेवली आहे, पार्सल सोमवारी निघेल.

शनिवारी तुझ्याकडे सकाळचे दहा वाजतील तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ असतील. खाली जाण्याआधी फोटो पाठव. त्यात दोन्ही घोड्या आणि पुढच्या चाकांच्या चारही उट्या दिसल्या पाहिजेत. मी ‘ठीक’ लिहिले की मग जा. काम आटोपून बाहेर आलास की पुन्हा एक फोटो, तुझा, हात काळे असतील तसाच. कितीही वाजले तरी मी जागा असेन.

तुझा,
अप्पा