आई-बाबा, मैदान सोडून ऑफिसात का जात नाहीये ते सांगते

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा तुम्ही "बघ बाय, तुझं तू ठरव" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवता, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय, नीट, एकदाच. पणजीची ती ऑफिसातली जागा मी घेणार नाहीये. पगार जास्त आहे, उन्हात उभं राहायला लागत नाही, पेडण्याहून रोज ये-जा करता येईल म्हणजे तुमच्याजवळ राहता येईल, आईचं हे सगळं म्हणणं बरोबर आहे आणि त्यातलं शेवटचं तर मला खरंच लागतं. तरीपण नाही. इथे मडगावला कॉलेजच्या पोरींना सॉफ्टबॉल शिकवतेय तेच मला करायचंय, आणि दोन-चार वर्षं नाही, रिटायर होईपर्यंत.

आई म्हणाली होती ना, मैदानावर शिट्टी फुंकण्यात कसलं करियर. त्याचं उत्तर मला एका बाईच्या नोकरीवरून द्यायचंय. कॅरोल हचिन्स तिचं नाव, सगळे हच म्हणतात. अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटी आहे, तिथल्या मुलींच्या सॉफ्टबॉल टीमची ती कोच, 1985 पासून 2022 पर्यंत. त्याच्या आधी दोन वर्षं तिथेच असिस्टंट. म्हणजे मुख्य कोच म्हणून 38 सीझन, एकच कॉलेज, एकच टीम, आणि त्यातला एकसुद्धा सीझन असा गेला नाही की हरलेल्या मॅचेस जिंकलेल्यांपेक्षा जास्त झाल्या. रिटायर झाली तेव्हा नावावर 1707 विजय होते. तिथल्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये तोपर्यंत कुठल्याच कोचचे एवढे नव्हते, ॲरिझोनाच्या माइक कँड्रियांनी आठ वेळा नॅशनल टायटल जिंकलंय, ते पण 1674 वर थांबले.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल की मग काय, जिंकत होती म्हणून टिकली. पण बघा, 1985 ला टीम हातात घेतली आणि वर्ल्ड सीरिजला, म्हणजे देशातल्या शेवटच्या आठ टीम जिथे खेळतात तिथे, तिच्या हाताखाली मिशिगन पहिल्यांदा पोचली 1995 ला. दहा वर्षं. आणि टायटल मिळालं 2005 ला. वीस वर्षं लागली, आणि तेही एकदाच. या वीस वर्षांत तिला कुणी ना कुणी म्हटलंच असणार की आता बस कर, दुसरं काहीतरी बघ, असं मला आपलं वाटतं.

बाबा, तुम्ही क्रिकेटवाले, म्हणून ती 2005 ची फायनल तुम्हाला सांगतेच. आधी खेळ कसा ते ऐका. क्रिकेटमध्ये स्टंप ते स्टंप 66 फूट, इथे कॉलेजमध्ये बॉल टाकणाऱ्या पिचरपासून बॅटर उभी असते ती होम प्लेट फक्त 43 फूट, आणि पिचर हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवून खालून बॉल सोडते, कमरेजवळ मनगटाचा झटका देऊन. बॅटरला विचार करायला वेळच नसतो. सात इनिंगची मॅच, बरोबरी झाली की पुढे चालू. तर समोर यूसीएलए, लागोपाठ दोन वर्षं जिंकून आलेली टीम, कॅलिफोर्नियाची, जिथे वर्षभर ऊन. तीनपैकी दोन मॅच जिंकायच्या, दोघींनी एकेक जिंकलेली, तिसरी सात इनिंग संपल्या तरी 1-1. दहाव्या इनिंगमध्ये सामंथा फिंडले नावाच्या फर्स्ट इयरच्या पोरीने तीन रनांचा होमरन, म्हणजे तुमच्या सिक्ससारखा मैदानाबाहेरचा फटका, मारला आणि 4-1 ने जिंकले. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या कुठल्याही कॉलेजला त्याच्या आधी हे टायटल मिळालंच नव्हतं. कारण साधं आहे, मिशिगनला फेब्रुवारीत सीझन सुरू होतो तेव्हा मैदानावर बर्फ असतो, मग या पोरी हॉलमध्ये प्रॅक्टिस करतात आणि सुरुवातीचे कितीतरी आठवडे लांब दक्षिणेकडे जाऊन दुसऱ्यांच्या मैदानावर खेळतात.

मला हे वाचून इतकं जवळचं वाटलं काय सांगू. आपला जून ते सप्टेंबर म्हणजे तेच की. जांभ्याची तांबडी माती पाण्याने भरलेली, बॉल एकदा त्यात पडला की जड होऊन बसतो, मग आम्ही कॉलेजच्या व्हरांड्यात टेनिस बॉल घेऊन भिंतीवर मारत राहतो, मनगट, मनगट, परत मनगट. लोक येताजाता बघतात, या काय करतायत म्हणून. ऑक्टोबरात मैदान सुकलं की बाहेर पडतो आणि स्पर्धा लगेच पुढ्यात असतात. हच जर बर्फातून टीम काढू शकते तर आपण पावसातून का नाही हे मी पोरींना प्रत्येक पावसाळ्यात सांगते, त्यांना आता पाठ झालंय.

आणखी एक गोष्ट आहे तिची, ती मला सगळ्यात मोठी वाटते. हच कोच व्हायच्या आधी मिशिगन स्टेटला, म्हणजे त्याच राज्यातल्या दुसऱ्या युनिव्हर्सिटीत, शिकत होती, तिथे सॉफ्टबॉल खेळायचीच पण बास्केटबॉलच्या टीममध्ये पण होती. मुलांच्या टीमला प्रवासात जेवणाखाणाचे पैसे जास्त, मुक्काम चांगला, मुलींना जे उरेल ते. अमेरिकेत 1972 ला टायटल नाइन नावाचा कायदा झाला होता, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कमी द्यायचं नाही, आणि तरी हे चालू होतं. तर या पोरी 1979 ला सरळ कोर्टात गेल्या, स्वतःच्याच युनिव्हर्सिटीविरुद्ध, आणि त्या केसवर नाव हचिन्सचं. वय बावीसच्या आसपास. आणि मग हीच मुलगी पुढे आयुष्यभर कॉलेजमध्येच नोकरी करते, मुलींचं मैदान, मुलींचं बजेट यासाठी बोलत राहते. मला तिचं हे फार आवडतं, भांडून निघून नाही गेली, आत राहून काम करत राहिली.

तुम्हाला वाटेल कुठे अमेरिका कुठे मडगाव. माझ्याकडे केप्याकडची एक डावखुरी मुलगी आहे, घरी परिस्थिती बेताची, हात मात्र असा की थ्रो डोळ्याला दिसत नाही. सॉफ्टबॉलमध्ये ज्या हाताने फेकायचं त्याच्या दुसऱ्या हातात ग्लोव्ह घालतात. आमच्या किटमधले सगळे ग्लोव्ह उजव्या हाताने फेकणाऱ्यांचे, म्हणजे डाव्या हातात घालायचे. ही बिचारी डाव्या हातात तो ग्लोव्ह घालून कॅच करायची, मग ग्लोव्ह काखेत दाबून काढायची, मग त्याच डाव्या हाताने फेकायची, आणि तेवढ्यात समोरची रनर बेसवर पोचलेली असायची. मी नव्या ग्लोव्हसाठी अर्ज केला, तर एका मुलीसाठी कशाला म्हणून तो परत आला. आधीची मी असते तर स्वतःच्या पैशाने आणून विषय संपवला असता, यावेळी नाही केलं तसं. परत लिहिलं, मुलांच्या टीमला वर्षभरात काय काय मिळालं त्याची यादी जोडून लिहिलं, आणि जाऊन समोर बसले. ग्लोव्ह आला. पहिल्या दिवशी तिने तो उजव्या हातात घातला आणि शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या पोरीने, फेकलेला बॉल घेऊन लगेच पुढे होमला फेकला, एका दमात, मध्ये काही काढणं नाही घालणं नाही, आणि मग माझ्याकडे बघून नुसती हसली. पणजीला बसून मी फायली पुढे सरकवेन, चांगल्या सरकवेन, पण हे कोण करेल?

आणि बाबा, हे तुम्हाला तरी कळायला पाहिजे. देवळातल्या काल्याच्या नाटकाच्या तालमी तुम्ही किती वर्षं घेतल्यात. दिवसभर नोकरी, रात्री पेज पिऊन परत मांडवात, एक पैसा कधी घेतला नाहीत. ज्याची वाक्यं स्टेजवर अडायची त्याला तुम्ही ओट्यावर बसवून रात्र रात्र घोकवून घ्यायचात, आणि आज गावातल्या पोरांच्या तालमी तोच घेतो ना? हचच्या जागी 2022 ला कोण आलं माहितेय, बॉनी थोल. ती हचच्याच टीममधून खेळलेली, मग कितीतरी वर्षं तिच्याच हाताखाली असिस्टंट. असं एका जागी राहिल्याशिवाय होत नाही. माझ्या पोरींपैकी कुणीतरी उद्या बीपीएड करून कुठल्या तरी शाळेत टीम उभी करावी, सत्तरी तालुक्यात, काणकोणात, कुठेही, तेव्हा मी इथेच असायला पाहिजे, अडलं तर फोन करायला.

पैशाचं म्हणाल तर माझं भागतंय, घराचं कर्ज नाही, आणि दर महिन्याला पाठवते ते चालूच राहील, त्यात काही कमी होणार नाही. उन्हाचं म्हणाल तर टोपी घालते, आईने दिलेली ती मोठी. लांब राहण्याचं मात्र माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, मडगाव ते पेडणे म्हणजे आख्खा गोवा ओलांडायचा, आणि तुमची वयं होतायत हे मला रोज दिसतं. म्हणून ठरवलंय की दर रविवारी यायचं, स्पर्धेचे दिवस सोडून, आणि चतुर्थीला गणपतीच्या वरची फळापानांची माटोळी बांधायला दोन दिवस आधीच येते.

बाबा, डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख म्हापशाला लवकर घेऊन टाका, आता पुढे ढकलू नका. फक्त शनिवार नको, शनिवारी आमची सकाळची प्रॅक्टिस असते, बाकी कुठलाही वार चालेल, मी रजा टाकून आदल्या रात्रीच येईन.

तुमची,
बाय