‘मोजलं नाही’ असं लिहून देणाऱ्या मेस्त्रींना

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेस्त्रींना,
सप्रेम नमस्कार.

इंजिन चालू आहे. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, धूर नाही, आणि तेलाच्या दाबाचा काटा तापल्यावरही पडत नाही. पण हे पत्र लिहायला बसवलं ते तुमच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांनी.

तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर ऊस ओढताना तापून बंद पडला, यात नवल काही नाही. पाचटाचा भुसा रेडिएटरच्या जाळीत नमद्यासारखा बसतो, मागं दोन ट्रॉल्या, आणि पाण्याचा काटा कधीचा मेलेला. नवल पुढच्या उपचारांचं. पहिल्या गॅरेजनं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग, बदलून दिलं. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फिलर (फट मोजायची पातळ पात) घालून बघितला नाही, लायनरची (पिस्टन ज्यात चालतो त्या नळकांड्याची) कॉलर ब्लॉकच्या वर किती उभी आहे तेही नाही. ओल्या, म्हणजे बाहेरून पाणी खेळणाऱ्या, लायनरच्या इंजिनात ती कॉलर काही थाऊ (इंचाचा हजारावा भाग) वर लागते, गॅस्केट तिच्यावरच चिमटलं जातं. एक लायनर खाली बसला की त्या सिलिंडरचा गॅस पाण्यात घुसतो आणि टोपण काढलं की रेडिएटरात बुडबुडे. म्हणजे गॅस्केट नवं कोरं, आणि आठ दिवसांत रोग तोच. दुसऱ्या ठिकाणी डिपस्टिकवरचं, पाणी मिसळून दुधाळ झालेलं तेल बघितलं आणि निकाल दिला, ‘भंगारात घाला, नाहीतर आख्खं इंजिन टाका.’ एक बोल्ट न खोलता!

तुम्ही इंजिनाच्या आधी ट्रॅक्टरची पाठ बघितलीत. लिफ्टवर नांगर उचलून बंद केल्यावर किती वेळात खाली येतो, गिअर ओझ्याखाली सुटतात का, मागच्या हौसिंगचं तेल कसलं आहे. मागची बाजूच गेली असेल तर इंजिनावर पैसे घालणं म्हणजे पडक्या वाड्याला नवा दरवाजा, असं तुमचं म्हणणं. ते आधी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मग रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचा ड्रेन बोल्ट हळूच सैल केलात. तेलाच्या आधी पाणी आलं, कारण जड ते तळाला. फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या आणि त्यातल्या चमकीवर लोहचुंबक फिरवलं. चुंबकाला चिकटलं ते लायनर-रिंगांचं लोखंड. राहिलं ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आणि बेअरिंगचा मुलामा. पाणी मिसळलेलं तेल बेअरिंगवर थर धरत नाही, म्हणून इंजिन उघडायच्या आधीच तुम्ही क्रँकवर, म्हणजे पिस्टननी फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, संशय धरलात.

उघडल्यावर तिसऱ्या पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या अंगावर) उभे ओरखडे आणि रिंगा खाचेत चिकटलेल्या. इथं बरेच जण नुसत्या रिंगा टाकून देतात. ओरखडलेल्या, लंबगोल झालेल्या लायनरला नवी रिंग गोल बसणार कशी? इंजिन तेल पीत राहतं. तुम्ही तिन्ही लायनर-पिस्टन बदलायचे सांगितलेत, पण खरेदीची घाई करू दिली नाहीत. बेअरिंगच्या कवचांच्या पाठीवर ०२० छापलेलं होतं, म्हणजे क्रँक एकदा २० थाऊला घासून झालेला. आता ३० ला जायचं, आणि या इंजिनाला त्यापुढचं बेअरिंग नाही. घासताना जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई तशीच राखायची, कोपरा काटकोनात कापला तर क्रँक तिथूनच तुटतो, हे ग्राइंडिंगवाल्याला तुम्ही फोनवर दोनदा बजावलंत. कनेक्टिंग रॉडचा वाक-पीळ, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्हची खोली ही कामं झाली, त्यांचं पाल्हाळ नको. डिझेलचा पंप आणि नोझल मात्र टेस्टला पाठवायला लावलेत ते बरं झालं. ठिबकणारं नोझल तसंच ठेवलं असतं तर नव्या पिस्टनचं डोकंही जळालं असतं.

आता त्या चिठ्ठ्या. प्रत्येक भागाला तांब्याच्या तारेनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर मार्करनं माप. क्रँकचा प्रत्येक जर्नल दोन दिशांनी मोजलेला, लायनर वर-मध्ये-खाली. ब्लॉकच्या चिठ्ठीवर एवढंच, ‘मोजलं नाही. प्रेशर टेस्ट बाकी.’

त्या दोन ओळींनी निर्णय सोपा केला. लायनरची कॉलर ज्या पायरीवर बसते तिथं चीर असेल तर बाकीचा सगळा खर्च पाण्यात, म्हणून ब्लॉक पास होईपर्यंत क्रँकवर रुपया घालायचा नाही, असा तुमचा क्रम. ‘ब्लॉक चांगला वाटतोय’ असं म्हणून तुम्ही त्याच दिवशी आगाऊ रक्कम घेऊ शकला असता. माहीत नाही ते माहीत नाही असं लिहून त्याखाली सही करणारा माणूस डॉक्टर-वकिलांतसुद्धा शोधावा लागतो.

उद्यमनगरात मायक्रोमीटर आणि डायल गेज कमी नाहीत. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं काम करणाऱ्या गल्ल्या आहेत या, मापावरच पोट चालतं इथल्यांचं. तरीही जुन्या ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याला आकडा दाखवायची गरज कुणाला वाटत नाही, त्याला थेट रक्कम ऐकवतात. तुम्ही मायक्रोमीटर समोर धरलात आणि ‘तुम्हीच वाचा’ म्हणालात. वाचायला चूक झाली तेव्हा हसला नाहीत, परत धरलात.

चिठ्ठ्या तारेसकट कपाटात ठेवल्या आहेत. क्रँकच्या चिठ्ठीवर तुम्ही लाल रंगात ‘३०, शेवटचं’ लिहिलंय, ती दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. रेडिएटरची जाळी आता रोज संध्याकाळी आतून बाहेर हवा मारून साफ होते. पाण्याचा काटाही नवा बसवलाय.

५० तास भरले की तेल-फिल्टर बदलायला आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघायला ट्रॅक्टर घेऊन येतोय. तुमच्या बिलात मापं घेतल्याचे पैसे कुठंच धरलेले दिसत नाहीत. तेवढे लावून ठेवा.

आपला,
करवीर तालुक्यातला एक ऊस उत्पादक