गिरणीत फावला वेळ कुठला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गणितज्ञ जॉर्ज ग्रीन यांच्यावरील लेख वाचला. ग्रीन यांचे प्रमेय मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना बरीच वर्षे शिकवले, त्यामुळे लेख पाहून आनंदच झाला. मात्र ‘पवनचक्कीत पीठ आपोआप दळले जाई, म्हणून ग्रीन यांना अभ्यासाला भरपूर फावला वेळ मिळे’ हे त्यातील विधान खटकले. काही वर्षांपूर्वी मुलाकडे इंग्लंडला गेलो असता नॉटिंगहॅममधील स्नेंटनची ती गिरणी आतून पाहण्याचा योग आला होता, म्हणून हे पत्र.

ग्रीन यांच्या वडिलांची पावाची भट्टी होती. त्यांनी १८०७ मध्ये टेकडीवर ही विटांची बुरुजासारखी गिरणी बांधली. पात्यांचा आडवा आस माथ्यावरील टोपीत फिरतो, त्यावरचे मोठे दातेरी चाक मधला उभा दांडा फिरवते आणि त्या दांड्यावरून दगडांना गती मिळते. खालची तळी स्थिर आणि वरची फिरती, म्हणजे आपले जातेच. फक्त वैरण घालायला हात नसतो. फिरता दांडा धान्याच्या पन्हाळीला सारखा ठोकत राहतो आणि दाणे दगडाच्या तोंडात ओघळतात. ती खडखड अजून कानात आहे.

यात ‘आपोआप’ काय असेल ते एवढेच. वारा वाढला की दगड वेगाने फिरतात, त्यांच्यातील अंतर वाढते आणि पीठ भरड पडते, म्हणून ते अंतर सतत जुळवावे लागते. हे काम गोळ्यांच्या नियंत्रकाकडून, म्हणजे वेग वाढला की बाहेर फेकल्या जाणाऱ्या दोन जड गोळ्यांच्या यंत्रणेकडून, करून घेण्याची युक्ती निघाली होती, तरी खाली पडणारे पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहणे दळणाऱ्याला चुकत नसे. धान्य संपल्याचे लक्षात आले नाही तर दगडावर दगड घासून ठिणग्या उडत, आणि पिठाची धूळ व लाकडी यंत्र यांच्यामध्ये ठिणगी म्हणजे काय हे सांगायला नको. शिवाय दगड गुळगुळीत झाले की वरची तळी उचलून टाकी लावण्याचे काम असेच. आपल्याकडे टाकीवाली एका जात्याला जेवढा वेळ घेई, त्याच्या कितीतरी पट वेळ या अजस्र दगडांना लागत असणार.

ग्रीन यांचे शालेय शिक्षण जेमतेम वर्षभराचे. गिरणीचे काम त्यांना जाचक वाटे, असे त्यांच्या नातलगाने लिहून ठेवले आहे. विद्युत आणि चुंबकत्वावरील त्यांचा निबंध १८२८ मध्ये ५१ वर्गणीदारांच्या बळावर छापला गेला, तो हे काम सांभाळूनच. पुढच्याच वर्षी वडील वारले, त्यानंतर गिरणीचे जोखड उतरले आणि १८३३ मध्ये, वयाच्या चाळिशीत, ते केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाले. निबंधाचे मोल जाणकारांना कळले ते विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८४५ मध्ये तो शोधून काढल्यावर. ग्रीन त्याआधीच, १८४१ मध्ये निवर्तले होते.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या चित्रातील लाकडी गिरणी खांबावर उभी आहे. तशा गिरणीत वाऱ्याकडे तोंड करण्यासाठी सगळे घरच फिरवावे लागते. स्नेंटनचा बुरूज जागचा हलत नाही, फिरते ती फक्त वरची टोपी, आणि तिच्या पाठीला लावलेला छोटा पंखा ती वाऱ्याकडे वळवतो. १९४७ च्या आगीत ही गिरणी जळाली होती. दुरुस्तीनंतर १९८० च्या दशकात तिच्यात पुन्हा दळण सुरू झाले. तिची छायाचित्रे सहज मिळतील, पुढील अंकात त्यांपैकी एखादे छापावे ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा