सिनियर केजीत कर्सिव्हची एवढी घाई कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका आजोबांचं पत्र छापून आलं होतं, हल्लीच्या पोरांचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, आणि उपाय एकच, केजीपासून कर्सिव्ह, म्हणजे जोडून लिहायचं इंग्रजी अक्षर. आजोबांचा राग समजू शकते. पण माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, सिनियर केजीत आहे, आणि दिवाळीनंतर शाळेने कर्सिव्ह सुरू केल्यापासून आमच्या घरी रोज संध्याकाळी जे चालतं ते त्यांनी एकदा येऊन बघावं.

ज्युनियर केजीचं अख्खं वर्ष स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन, स्लँटिंग लाइन करण्यात गेलं, मग कॅपिटल, मग स्मॉल, कसंबसं ए ते झेड चाररेघी वहीत बसायला लागलं आणि तेवढ्यात सांगितलं की आता हे विसरा, आता सगळं जोडून लिहायचं. स्मॉल एफ आणि झेडवर तर तो रडलाच, खोडरबरने घासून घासून वहीला भोक पडलं. पेन्सिल अजून मधेच मुठीत जाते त्याची. बरं, गोष्टीच्या पुस्तकात अक्षरं प्रिंटची, म्हणजे सुटी सुटी, बसवरच्या पाटीवर प्रिंटची, मोबाइलवर प्रिंटची, म्हणजे वाचायचं एक आणि लिहायचं भलतंच.

माझी आई बालवाडीत शिकवायची. ती म्हणते पोराला लिहायला लावायच्या आधी आकार काढायला लावा. गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो, अधिकचं चिन्ह चौथ्या, चौकोन त्याच्या आसपास, त्रिकोण पाचव्या, आणि पतंगाचा आकार, म्हणजे उभा केलेला चौकोन, तो सहा-सात वर्षांशिवाय बहुतेकांना नीट येत नाही. आमच्याकडे पतंग अजून बटाट्यासारखा येतो. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती सगळी कूर्चाच असते आणि पाचव्या वर्षीही त्यातली काही पक्की झालेली नसतात. अशा हाताने न उचलता अख्खा शब्द लिहायचा, वर बी, ओ, व्ही, डब्ल्यू आले की जोड वरून घ्यायचा आणि बाकी बहुतेकांचा खालून!

कर्सिव्ह वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही हां. बी आणि डी उलटे काढणाऱ्या मुलांना त्याचा उपयोगही होतो म्हणतात, कारण दोन्हीची सुरुवात वेगळी होते. बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी बाईंची खरखरीत कागदाची अक्षरं तर मुळात कर्सिव्हच होती, फ्रान्समध्येही सहाव्या वर्षाच्या आसपास कर्सिव्हच शिकवतात. पण तिथे आधी प्रिंटची स्मॉल अक्षरं घोटून घेत नाहीत आणि माँटेसरीत पेन्सिल हातात यायच्या आधी कितीतरी दिवस बोटांची तयारी चालते. आपल्याकडे आधी प्रिंट घोटून घ्यायचं आणि वर्षभरात ते मोडायचं, हा मधलाच प्रकार कुणाचा आहे देव जाणे. बाकी जगाचंही एकमत नाहीच, फिनलंडने २०१६ पासून कर्सिव्हची सक्ती काढली आणि कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीसाठी परत आणलं.

आणि आपल्या मुलांचा एक जास्तीचा घोळ कुणी धरतच नाही. पहिलीत मराठी आहे, २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत सक्तीचंच आहे. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं, आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं. म्हणजे वर्षा-दीड वर्षात एकाच पोराने प्रिंट, कर्सिव्ह आणि देवनागरी अशी तीन वळणं हातात बसवायची. मोठ्या माणसाला जमेल का?

आपल्याकडची मोडी काय होती, धावतं अक्षरच ना. आधी ओळभर रेघ मारून घ्यायची आणि बोरू शक्यतो न उचलता खाली अक्षरं ओढत जायचं, कारण दप्तरातल्या कारकुनाला दिवसभर लिहायचं असायचं, त्याला वेग लागायचा. माझा मुलगा दिवसाला चार ओळी लिहितो, त्याला वेग कशाला हवाय?

मला विचाराल तर कर्सिव्ह दुसरीच्या शेवटी नाहीतर तिसरीत सुरू करावं, साधारण सात-आठ वर्षांना. तेही वर्गाचं कॅलेंडर बघून नाही, हात बघून. पेन्सिल तीन बोटांत टिकते का, समोरचं बघून न उतरवता साधं वाक्य लिहिता येतं का, अक्षरं सारख्या उंचीची आणि दोन शब्दांत जागा सुटते का, एवढं झालं की रोज दहा मिनिटं पुरतात. आणि ए पासून झेडपर्यंत ओळीने नको, सी, ए, डी, जी यांचं वळण एकसारखं, ती एकत्र घ्यावीत. नवीन शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षं, म्हणजे दुसरीपर्यंत, एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि तो खेळातून शिकायचा म्हटलंय, मग केजीत ही धावपळ कुणासाठी?

शाळेत विचारलं तर उत्तर आलं, पालकांनाच हवंय, बाजूच्या शाळेत कधीच सुरू झालंय. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तर तिथे सगळे गप्प, नंतर चारपाच जणींनी पर्सनलवर मेसेज केले की आमच्याकडेही रडारड आहे पण तू बोललीस ते बरं झालं. आता पालकसभेत मी एकटीच बोलणार बहुतेक.

जाता जाता आजोबांना एक विचारायचंय. माझे वडील मराठी शाळेतले, त्यांचं इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे ए बी सी डीच दहाव्या वर्षी गिरवली. पहिलीपासून इंग्रजी आपल्याकडे २००० साली आलं. आणि वडिलांचं कर्सिव्ह असं की बँकेत लेजर लिहायला त्यांनाच बसवायचे. आजोबा, तुमचं कर्सिव्ह कितवीत सुरू झालं होतं?

आपली,
एक पालक, डोंबिवली