बकेट लिस्ट, हुकलेला कैलास आणि गयेचं तिकीट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत साठीनंतरच्या बकेट लिस्टवर तुमचा पानभर लेख होता, तो आमच्या घरी दोनदा वाचला गेला, एकदा मी वाचला आणि एकदा बायकोने मोठ्याने वाचला, म्हणजे मला ऐकू जावा म्हणून. स्कायडायव्हिंग, क्रूझ, हॉट एअर बलून, उत्तरेकडच्या आकाशातला तो हिरवा प्रकाश वगैरे, आणि फोटोतले आजी-आजोबा असे की केस पांढरे पण गुडघे पंचविशीतले. असो, हौसेला मोल नाही. नातवाने सांगितलं की इंग्रजीत बादलीला लाथ मारली म्हणजे माणूस मेला असं म्हणतात त्यावरून हे बकेट लिस्ट आलं, तर आमची ही म्हणाली यात नवीन काय, आपल्याकडे याला इच्छा म्हणतात आणि ती राहिली की कावळा शिवत नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. तुमचा सगळा लेख असा लिहिलाय की जणू घड्याळ फक्त आपलंच चालू आहे, आपले गुडघे, आपलं बीपी, आपली पेन्शन, आणि ज्या जागी जायचंय ती जागा मात्र तिथेच बसलीये आपली वाट बघत. तसं नसतं हो. जागेचंही वय होतं, गाडी बंद होते, रस्ता बंद होतो, नियम आडवा येतो. माझं स्वतःचंच सांगतो.

मी ७२ वर्षांचा, लोकमान्य नगरात राहतो, सगळा जन्म इंदुरातच गेला. मला कैलास-मानसरोवरला जायचं होतं. हे वेड नोकरीत असताना लागलं, ऑफिसातले एक साहेब उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीवरून चालत जाऊन आले होते आणि त्यांनी डबा खाताना रोज थोडं थोडं करून महिनाभर ते पुरवलं, तेव्हापासून डोक्यात बसलं ते बसलं. पण महिन्याभराची रजा देणार कोण, मुलीचं शिक्षण, घराचे हप्ते, म्हटलं रिटायर झालो की पहिलं हेच. २०१३ ला रिटायर झालो. २०१४ ला मुलीचं लग्न. मग आई अंथरुणाला खिळली, तिचं सगळं आम्ही दोघांनी केलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही, २०१८ ला ती गेली. २०१९ ला नियम नीट वाचायला घेतले तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या आत हवा आणि माझा २८. आता इंदूरचा माणूस, सकाळी पोहे-जलेबी, रविवारी कचोरी, पाहुणे आले की रात्री सराफ्यात, त्याचा २८ नसेल तर किती असणार. सगळं बंद केलं. पोह्यांवर शेव घ्यायची सोडली (हे इंदुरात राहून करून दाखवा मग बोलू), रोज ६ किलोमीटर चाललो, दहा महिन्यांत ९ किलो उतरवले. आणि मार्च २०२० आला.

त्यानंतर पाच वर्षं यात्राच निघाली नाही, आधी कोविड मग चीनशी बिनसलेलं. २०२५ ला परत सुरू झाली, लिपुलेखवरून ५० जणांच्या ५ तुकड्या आणि सिक्कीममधल्या नाथू ला खिंडीवरून ५० च्या १०, म्हणजे एकूण ७५० जण. मी रात्री कॉम्प्युटर उघडून बसलो, चष्मा पुसून वाचलं, १ जानेवारीला वय ७० पेक्षा जास्त नको. माझं ७१. एका वर्षाने. आणि बीएमआय तेव्हा २४ होता हो!

कोणी म्हणेल नियम करणाऱ्यांना अक्कल नाही, तसं मी म्हणणार नाही. परिक्रमेत डोल्मा ला ही खिंड ५६०० मीटरच्या वर आहे, तिथे म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर त्याला खाली आणणाऱ्या चार जणांचाही जीव टांगणीला लागतो. अमरनाथलाही ७० चीच मर्यादा आहे. पण माझं एवढंच म्हणणं की कैलासच्या यात्रेला निघण्याआधी दिल्लीत डॉक्टर नखशिखांत तपासतात, वर गेल्यावर परत तपासतात, मग तिथेच ठरवा ना, पन्नाशीतल्याला निदान तपासून तरी बघतात आणि माझ्यासारखा रोज ६ किलोमीटर चालणारा जन्मतारखेवरच बाद होतो हे काही पटत नाही. आणि ती जी पाच वर्षं यात्रा बंद होती ती आमच्या वयातून वजा करायला नको का? सरकारी परीक्षेला पोरांना वयाची सूट देतात कधी कधी, तशी.

हे फक्त माझंच नाही. आमच्या सकाळी फिरण्याच्या ग्रुपमध्ये एक गृहस्थ आहेत, आजोळ खंडव्याचं, लहानपणी दर सुट्टीत छोट्या लाईनने जायचे. त्यांचं एकच होतं, नातवंडांना त्याच गाडीने एकदा ओंकारेश्वरला न्यायचं, घाटात मागून दुसरं इंजिन लागतं ते दाखवायचं, कालाकुंडला पानावरचा कलाकंद खायचा. खर्च विचाराल तर चार लोकांचे मिळून दोनशे रुपये नाही. पण नातवंडं बेंगलोरला, दिवाळीला आली की वेळ नाही, उन्हाळ्यात आली की ऊन. २०२३ च्या सुरुवातीला महू ते ओंकारेश्वर रोड छोटी लाईन बंद झाली, बडी लाईन टाकायला. ती व्हायलाच पाहिजे होती, इंदूरला दक्षिणेकडे सरळ रस्ता मिळेल, त्याला विरोध नाही. आता पातालपानी ते कालाकुंड हेरिटेज गाडी तेवढी आहे, काचेच्या मोठ्या खिडक्यांची, पावसाळ्यात सेल्फीवाल्यांनी भरलेली. ते एकदा जाऊन आले त्यात. कसं वाटलं विचारलं तर म्हणाले "भिया, गाडी कुठे पोचतच नाही ना ती, जाते आणि परत येते."

बायकोची लिस्ट मात्र माझ्यापेक्षा शहाणी आहे. तिने कधी लिस्ट म्हटलं नाही त्याला, देवघराच्या ड्रॉवरमध्ये एक जुनी डायरी आहे त्यात अहिल्याबाईंनी देशभरात जे जे बांधलं त्यातलं तिला बघायचंय ते लिहून ठेवलंय. आपण इंदूरचे लोक राजवाड्यासमोरून रोज जातो, महेश्वरला पाहुण्यांना नेऊन घाटावर फोटो काढतो, पण त्या बाईने महेश्वरात बसून कुठे कुठे हात पोचवला ते आपण किती बघितलंय? मी तर नव्हतं बघितलं. मी कैलास कैलास करत बसलो आणि हिने भिशीचे पैसे साठवून एकेक उरकलं. वेरूळचं घृष्णेश्वर पहिलं, मग सोमनाथ, तिथे आताच्या मोठ्या देवळाजवळ अहिल्याबाईंनी १७८३ मध्ये बांधलेलं वेगळं देऊळ आहे, निम्मे लोक तिकडे फिरकतच नाहीत. मग काशी, विश्वनाथाचं आजचं देऊळ १७८० चं, त्यांनीच बांधलेलं, आणि आता कॉरिडॉरमध्ये त्यांचा पुतळाही बसवलाय, त्यासमोर ही दहा मिनिटं उभी होती, मागचे लोक ढकलून राहिले तरी हलेना. २०२५ ला त्यांच्या जन्माला ३०० वर्षं झाली त्या वर्षी चौंडीला जाऊन आलो, जामखेडजवळ, जन्मगाव. या सगळ्यात विमानातून उडी मारण्यासारखं काही नाही, पण काशीला पहाटे साडेतीनला रांगेत उभं राहणं हे ६७ व्या वर्षी ॲडव्हेंचरच आहे, आणि ते तिने एका हातात चपलांची पिशवी आणि दुसऱ्या हातात मला धरून केलं.

राहिली गया. विष्णुपद मंदिर, १७८७, फल्गू नदीच्या काठी, काळसर दगडाचं. तिथे जायचं म्हटलं की घरात सगळे गप्प होतात. साडू फोनवर म्हणाले "अहो कोणाचं करायचंय?" शेजारच्या काकूंनी हिला बाजूला घेऊन विचारलं की सगळं ठीक आहे ना. मुलगी पुण्याहून, "बाबा, आईला असं काय सुचतं, केरळ नाही का जाता येत?" आता गयेला कोणी हौसेने जात नाही हे मान्य, पण ज्या देवळात सगळा देश आपल्या मेलेल्या माणसांना घेऊन जातो ते देऊळ इंदूरच्या सुनेने बांधलं, आणि आपण इंदूरचे असून ते जिवंतपणी धड डोळे भरून बघायचं नाही हे काय गणित आहे. हिचं म्हणणं आहे की पिंड द्यायला गेलं की माणूस दगड बघतच नाही.

जरा व्यवहाराचं पण लिहितो, तुमच्या लेखात हे हवं होतं. रेल्वेत पुरुषांना ६० नंतर ४० टक्के आणि बायकांना ५८ नंतर ५० टक्के सूट होती ती मार्च २०२० मध्ये बंद केली ती अजून परत आलेली नाही. यात्रेसारखी तीही कोविडमध्येच गेली, यात्रा तरी परत आली. पेन्शनर माणसाच्या बकेट लिस्टमधल्या निम्म्या गोष्टी त्या सुटीवर उभ्या होत्या, यावर एखादा अग्रलेख लिहा. दुसरं म्हणजे लोअर बर्थ. सोमनाथला जाताना आम्ही दोघं आणि साडू-मेहुणी असे चौघं एकाच तिकिटावर बुक केलं, सगळे सिनियर, आणि दोघांना वरचा बर्थ आला. नंतर कळलं चूक आपलीच, सिनियरचा खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच सिनियर असतील तर लागतो, तिसरा आला किंवा बरोबर तरुण माणूस जोडला की गेलं. म्हणजे आईवडिलांबरोबर मुलगा काळजीने स्वतःचं नाव टाकतो आणि त्या काळजीपायी आई वरच्या बर्थवर चढते. दोन दोनची वेगळी तिकिटं काढा. आणि आपल्या मध्य प्रदेशात २०१२ पासून तीर्थदर्शन योजना आहे, ६० च्या वरच्या, इन्कम टॅक्स न भरणाऱ्यांना फुकट नेतात. आमच्याकडे कामाला येतात त्या बाईंची सासू त्यातून रामेश्वरला जाऊन आली. देवाचं विचारलं तर दर्शन छान झालं एवढंच म्हणते, पण समुद्राबद्दल अजून बोलते, जन्मात पहिल्यांदा बघितला तिने, म्हणते तो थांबतच नाही.

तर माझं पुढे काय झालं. कैलास हुकला म्हणून चार महिने चिडचिड केली, मग हिनेच सांगितलं की अहो, आपल्या हद्दीतला आदि कैलास आहे ना, तिकडे जा. पिथौरागढ जिल्ह्यात, काठगोदामपर्यंत गाडी, मग दोन दिवस डोंगरातून धारचुला, तिथे मेडिकल सर्टिफिकेट आणि परमिट, काली नदीच्या पलीकडे नेपाळ, पुलावरून लोक भाजी आणायला गेल्यासारखे येतात जातात. पुढे गुंजी आणि तिथून जोलिंगकोंगपर्यंत आता जीप जाते. पूर्वी हे सगळं पायी होतं म्हणे, म्हणजे रस्ता झाला म्हणून मी जाऊ शकलो, हेही लिहायला पाहिजे, काळ प्रत्येक वेळी आपल्याकडून काढूनच घेतो असं नाही. गुंजीला रात्री डोकं असं धरलं की वाटलं झालं आता, उठून बसलो, पाणी प्यायलो, बरोबरचा एक बंगाली मास्तर, वय ६८, तोही जागा, दोघं रजया गुंडाळून तासभर गुडघ्यांच्या गोळ्यांवर बोललो. सकाळी ठीक. पार्वती सरोवराच्या काठी आदि कैलास समोर स्वच्छ दिसला, डोळ्यांत पाणी आलं, वाऱ्यामुळे असेल.

दुसऱ्या दिवशी ॐ पर्वत बघायला नाभीढांगला गेलो. डोंगराच्या काळ्या अंगावर बर्फाचा ॐ दिसतो तो. तीन तास बसलो, ढग हलला नाही. ड्रायव्हर, पोरगाच होता पंचविशीचा, म्हणाला बाबूजी अगली बार. आणि मग त्यानेच सांगितलं की २०२४ च्या ऑगस्टमध्ये वरचा बर्फच वितळला होता आणि ॐ दिसेनासाच झाला होता, नुसता काळा डोंगर, पेपरातही आलं होतं म्हणे. मी ढगाकडे बघत बसलो. म्हणजे मागे आहे की नाही हेही नक्की नाही. घरी फोन करून सांगितलं तर ही म्हणाली "मग या आता, पोहे करते, शेव घालून."

गयेची तिकिटं काढली आहेत. दोघांचंच, दोन्ही खालचे बर्थ. पितृपक्ष टाळून जातोय म्हणजे गर्दी कमी असेल. आता एकच अडचण आहे आणि त्यासाठी तुमच्या वाचकांची मदत हवी, स्टेशनवर उतरल्या उतरल्या पंडे विचारणार की कोणाचं करायचंय, गाव कुठलं, गोत्र काय, तर कोणाचंच नाही, देऊळ बघायला आलोय असं सांगितलं तर ते ऐकतात का? कोणी असं जाऊन आलं असेल तर कृपया कळवा.

आपला,
एक जुना वाचक
लोकमान्य नगर, इंदूर