प्रतिपालक पालकांचीही विचारपूस व्हावी

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार बाल कल्याण समितीने (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीने) प्रतिपालक कुटुंबाची, म्हणजे जन्मदात्यांजवळ राहू न शकणाऱ्या मुलाला काही काळ आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबाची, दरमहा तपासणी करायची असते. मूल शाळेत जाते का, नीट जेवते का, हे पाहिले जाते आणि पाहायलाच हवे. पण ज्यांच्या भरवशावर ते मूल त्या घरात आहे, त्यांची रात्रीची झोप होते का, त्यांच्या स्वतःच्या मुलांचे काय चालले आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. प्रतिपालकांशी रोजचा संबंध असल्यामुळे आम्ही हे पत्र लिहीत आहोत.

सर्वांत जास्त ताण येतो तो माहिती न मिळाल्याने. नव्या घरात पहिले काही आठवडे मूल फार शहाण्यासारखे वागते. घर आपले वाटू लागले की खरी परीक्षा सुरू होते. अंथरूण ओले होते, साध्या नकारावर वस्तू फेकल्या जातात, उशीखाली पोळीचे तुकडे सापडतात. उपाशी राहिलेल्या मुलाला उद्याच्या ताटाची खात्री नसते, म्हणून ते साठवून ठेवते. रागावले किंवा डबे कुलपात ठेवले की हे साठवणे वाढते. त्याच्या हाताला येईल असा खाऊचा एक डबा कायम भरलेला ठेवला तर ते हळूहळू कमी होते. हे आधी समजावलेले असले की पालक धीर धरतात. नाहीतर ‘आम्हाला जमत नाही’ म्हणून मूल परत पाठवले जाते, आणि आपण कोणालाच नको आहोत ही त्याची समजूत आणखी पक्की होते.

म्हणून मुलासोबत एक फाइल यावी. लसीकरण, ॲलर्जी, चालू औषधे आणि त्यांची मात्रा, शाळेचा दाखला, ते याआधी कुठे राहिले, रात्री कशाला घाबरते, एवढे तरी तिच्यात असावे. तातडीच्या प्रसंगी सगळे जमणार नाही, तिथे निदान औषधे आणि ॲलर्जीची नोंद त्याच दिवशी मिळावी. शाळाप्रवेश आणि ऑपरेशन यांच्या कागदांवर प्रतिपालक सही करू शकतात की नाही, हे समितीच्या आदेशातच स्पष्ट लिहावे. दवाखान्याच्या दारात त्यावरून वाद होणे फार वाईट.

जन्मदात्यांच्या भेटीनंतर अनेक मुले दोन-तीन दिवस अस्वस्थ असतात. भेट वाईट झाली, असा त्याचा अर्थ नाही; ती दोन घरांमधली ओढ असते. भेटीची तारीख प्रतिपालकांना आधी कळावी, ती परीक्षेच्या आदल्या दिवशी नसावी आणि दुसऱ्या दिवशी समुपदेशकाने घरी फोन करावा.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली प्रतिपालकत्वासाठी मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. ही रक्कम वेळेवर खात्यात आली पाहिजे. हप्ते थकले तर बेताच्या उत्पन्नाची, पण मनापासून मूल सांभाळणारी कुटुंबे आधी गळतात. मात्र या कामातले समाधान पैशातून येत नाही. आपले म्हणणे ऐकले जाते, असे वाटणारे पालक टिकतात. मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा ठरवताना त्यांना बैठकीला बोलवा. रोजचे मूल त्यांनाच माहीत असते.

प्रतिपालकांना महिन्यातून दोन दिवस विसावाही हवा, पण तेवढे दिवस मूल राहावे ते त्याच्या ओळखीच्या, आधी मंजूर झालेल्या दुसऱ्या कुटुंबाकडे. अनोळखी घरी पाठवले तर मुलाला वाटते, पुन्हा टाकले.

शेवटी निरोपाबद्दल. प्रतिपालकत्वाविषयीच्या केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी दत्तकपात्र मुलाला प्रतिपालकांनी दत्तक घेण्याआधीचा प्रतिपालकत्वाचा काळ पाच वर्षांवरून दोन वर्षांवर आणला, याचे आम्ही स्वागत करतो. पण अनेक मुले आपल्या घरी परततात, आणि तेच योग्यही असते. त्यानंतर प्रतिपालकांकडे मात्र कोणी फिरकत नाही. मूल गेल्यापासून महिनाभरात जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या संरक्षण अधिकाऱ्याने त्यांच्याकडे एक गृहभेट द्यावी, मुलाची खुशाली सांगावी आणि पुढचे मूल कधी घेता येईल हे त्यांनाच ठरवू द्यावे.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. मासिक तपासणीच्या नमुन्यात प्रतिपालकांसाठी अर्धे पान वाढवावे आणि तिथे नोंदवलेल्या अडचणीला जिल्हा बाल संरक्षण कक्षाने सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे, असे परिपत्रक आपण काढावे, ही विनंती.

आपले,
प्रतिपालक कुटुंबांसोबत काम करणारे कार्यकर्ते